समुपदेशकाचं काम कोण तपासतं?

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला. त्यात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांतलं एक असं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. तेव्हापासून आमच्याकडे, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारकडे, या विषयावर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी नसेल त्याला त्या खुर्चीवर बसूच देऊ नका. दुसरा म्हणतो, पदव्या कसल्या कवटाळून बसलात, वीस वर्षं पोरांत वावरलेला एखादा मायाळू शिक्षक निवडा, चार-पाच दिवसांचं प्रशिक्षण द्या, झालं. संस्थाचालकांना दुसरा तट जास्त पटतो. का, ते सांगायला नको. त्यात नवा पगार नाही.

मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या मुलामुलींना शिकवतो, त्यामुळे मी पहिल्या तटात असणार असं सगळे गृहीत धरतात. मी कुठल्याच तटात नाही. पदवीने समुपदेशक घडत नाही आणि निव्वळ मायेनेही घडत नाही. आपण बंद खोलीत काय बोललो, काय ऐकलं, कुठे गप्प बसायचं ते बसलो नाही, हे सगळं एखाद्या जाणत्या माणसापुढे नेमाने उघडं करत राहिलं की तो घडतो. याला या धंद्यात सुपरव्हिजन म्हणतात. खानदेशात अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रं आहेत, कार्यशाळा तर उदंड आहेत. फक्त ही एक गोष्ट नाही. आणि दोन्ही तट नेमके तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

आधी मायेच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ. आमच्याकडे या विषयावर बैठक बसली की कुणीतरी विचारतोच, ‘सानेगुरुजींनी कुठला डिप्लोमा केला होता?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात त्या माणसाने मुलांसाठी जे केलं, ते कुठल्याही अभ्यासक्रमातून येत नाही हे मला मान्य आहे. मुलाला आधी आपण कुणाला तरी हवे आहोत असं वाटावं लागतं, मग पुढचं सगळं. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये अमेरिकेत जवळपास हेच शास्त्रीय भाषेत मांडलं: समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतःचा खरेपणा. तंत्रं त्यानंतर. म्हणजे मायावाद्यांच्या बाजूने खुद्द मानसशास्त्र उभं आहे असं म्हणायला हरकत नाही.

पण गुरुजींचं उदाहरण द्यायचं तर अर्धं का द्यायचं? एक तर शतकातून एखादा निपजणारा माणूस भरतीचं धोरण ठरवायला कामाचा नाही. आपण हजारो शाळांसाठी माणसं शोधतोय, आणि ती साधारण कुवतीची, कधी चिडणारी, कधी कंटाळणारी असणार. दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. ज्या माणसाने इतरांची दुःखं इतकी उरावर घेतली, त्यानेच ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या निर्णयाचं कारण एका ओळीत सांगण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. एवढंच विचारतो, की मायेने सगळं निभतं असं म्हणताना त्या मायेचा भार वाहणाऱ्या माणसाकडे कोण बघतं, हा प्रश्न आपल्याला का पडत नाही? आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या भागात अभिमानाने सांगितली जाते पण या संदर्भात कधीच आठवत नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती आपल्याला मिळाली ती गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून. मायेने भरलेला, हळवा, स्वतःकडे सांगण्यासारखं पुष्कळ असलेला माणूस आठवड्यामागून आठवडे स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्याचं बोलणं उतरवत बसला. ही माया नाही, ही शिस्त आहे. शिकाऊ समुपदेशकाला आम्ही सुरुवातीला हेच करायला लावतो: भेट झाली की मुलगा काय म्हणाला आणि तू काय म्हणालीस ते आठवून जसंच्या तसं लिही. दहातल्या नऊ जणांच्या कागदावर पहिल्या महिन्यात मुलाच्या दोन ओळी आणि स्वतःच्या उपदेशाच्या वीस ओळी असतात.

आता पदवीवाले. त्यांचंही म्हणणं पोकळ नाही. ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला आज आपल्याकडे कुणाला कुणाची परवानगी लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होते; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांच्या व्याख्या केल्या; शाळेत बसणारा साधा समुपदेशक मात्र या व्याख्यांच्या फटीत राहिला. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात समुपदेशकांचा उल्लेख आला खरा, पण कायदा पुस्तकात येणं आणि तालुक्याला पोचणं यांत किती अंतर असतं ते आपण जाणतो. या मोकळ्या रानात बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारे, दोन दिवसांत संमोहन शिकवणारे आणि पालकांना घाबरवून चाचण्या विकणारे बिनधास्त चरतात. त्यांना आवर घालायला नोंदवही पाहिजे, किमान पात्रता पाहिजे. यात मतभेद नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे. एम.ए.ची दोन वर्षं पूर्ण केलेल्या मुलीने त्या दोन वर्षांत काय केलेलं असतं? सिद्धांतांचे पेपर लिहिलेले असतात. चाचण्या बहुतेक एकमेकींवरच करून जर्नल पुरं केलेलं असतं. एखाद्या संस्थेत इंटर्नशिप केलेली असते, जिथे तिला पोस्टर लावायला, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायला आणि हजेरीचे तक्ते भरायला बसवलेलं असतं. शेवटी सहीशिक्क्याचं अनुभव प्रमाणपत्र मिळतं, आणि सही करणाऱ्याने तिची एकही भेट पाहिलेली किंवा ऐकलेली नसते. मी अशी प्रमाणपत्रं पाहिली आहेत; कागद उत्तम असतो. मग शाळेत पहिल्यांदा नववीतला मुलगा समोर येऊन बसतो, खाली मान घालतो आणि वीस मिनिटं बोलत नाही. या वीस मिनिटांसाठी कुठल्या पेपरात गुण होते?

अमेरिकेत मिनेसोटामध्ये थॉमस स्कोव्होल्ट आणि मायकेल रोनेस्टाड या दोघांनी १०० समुपदेशक आणि मानसोपचारकांच्या सविस्तर मुलाखती घेऊन, शिकाऊपणापासून निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत हा माणूस कसा बदलत जातो ते मांडलं. त्यांच्या मते पहिला टप्पा ‘साध्या मदतगारा’चा. तो चटकन प्रश्न ओळखतो, चटकन सल्ला देतो, स्वतःच्या आयुष्यातले दाखले देतो आणि गुंततो. आपल्या वादातला मायाळू शिक्षक तो हाच. दुसरा टप्पा नव्या विद्यार्थ्याचा: इथे आधीचा आत्मविश्वास गळून पडतो, भीती वाटते, आणि माणूस कुठल्या तरी एका गुरूच्या किंवा पद्धतीच्या पदराला लटकतो. आपल्या वादातली पदवीधर ती हीच. आम्ही भांडतोय ते पहिल्या पायरीवरचा बरा की दुसऱ्या पायरीवरचा, यावर. पुढच्या पायऱ्या चढायला जो हात लागतो तो कुणाचा, हे कुणी विचारतच नाही.

हा वाद नवाही नाही. १९२६ मध्ये व्हिएन्नात थिओडोर राइक या, मनोविश्लेषण ही उपचारपद्धत सुरू करणाऱ्या फ्रॉइडच्या सहकाऱ्यावर, डॉक्टर नसताना उपचार करतो म्हणून भोंदूगिरीविरोधी कायद्याखाली कारवाई सुरू झाली. फ्रॉइड स्वतः डॉक्टर. तरी त्याने राइकची बाजू घेऊन अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता: जे काम शिकलेलं नाही ते करणारा तो भोंदू, मग त्याच्याकडे वैद्यकीची पदवी असो वा नसो. अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांच्या संघटनेने हे मानलं नाही आणि कित्येक दशकं दार डॉक्टरांपुरतंच उघडं ठेवलं. त्या भांडणाच्या धुरळ्यात एक गोष्ट नजरेआड होते. १९२० मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या मनोविश्लेषणाच्या दवाखान्याने याच दशकात प्रशिक्षणाची तीन अंगं बसवली होती: स्वतःचं विश्लेषण करून घेणं, अभ्यासवर्ग, आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणं. दारात कोण उभं राहू शकतो यावर भांडणारे विसरले गेले. आत आलेल्याला कसं घडवायचं हे ठरवणाऱ्यांची पद्धत जगभर टिकली.

कुणी म्हणेल, हे युरोपचं झालं, आणि गोव्यात तर कसलीही मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्यावर यशस्वी काम करून दाखवलंय. बरोबर आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य माणसांकडून तीव्र नैराश्यासाठी आणि दारूच्या प्रश्नासाठी समुपदेशन करवलं. निष्कर्ष लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकात आले. पदवीवाल्यांनी हे वाचून अंतर्मुख व्हायला हवं. पण मायावाद्यांनी ते शेवटपर्यंत वाचावं. या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, गटात बसून ऐकल्या जात, ठरलेल्या निकषांवर त्यांना गुण दिले जात, आणि गुण देणाऱ्यांत त्यांचे बरोबरीचे सहकारीही असत. पदवी नव्हती, पण तपासणी अशी होती की आपल्या कित्येक पदवीधरांना ती जन्मात लाभलेली नाही.

दुसरा अभ्यास बिहारचा. नालंदा जिल्ह्यातल्या ७० हून जास्त सरकारी माध्यमिक शाळांत एकच मानसिक आरोग्य कार्यक्रम दोन प्रकारे राबवला गेला: काही शाळांत त्याच कामासाठी नेमलेल्या स्थानिक समुपदेशकाने, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. समुपदेशक असलेल्या शाळांतलं वातावरण स्पष्टपणे सुधारलं. नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकाने कार्यक्रम चालवलेल्या शाळांत काही विशेष फरक दिसला नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. शिक्षक वाईट होते म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. जो माणूस सकाळी गृहपाठ नाही म्हणून उभं करतो, दुपारी गुण देतो आणि संध्याकाळी पालकांना फोन करतो, त्याच्यापुढे मुलाने मन का मोकळं करावं? शिक्षक म्हणून असलेली ओळख समुपदेशकाच्या ओळखीवर बसून राहते. पाच दिवसांचं शिबिर ती उठवू शकत नाही.

आता आमच्या मातीत या. नव्या समुपदेशकाची खरी परीक्षा पाठ्यपुस्तकात नसलेल्या प्रसंगांतून होते. रावेर-यावलच्या पट्ट्यात एखादी तेवीस वर्षांची मुलगी शाळेत बसायला लागते. समोर आलेल्या अकरावीतल्या पोरीचं आडनाव, गाव, मामाचं गाव ऐकता ऐकता लक्षात येतं की दोन्ही घरांची सोयरीक आहे. येत्या लग्नसराईत एकाच पंगतीला बसायचंय. अमेरिकी पुस्तक सांगतं, असं दुहेरी नातं टाळा आणि दुसऱ्याकडे पाठवा. पुण्या-मुंबईत ठीक आहे. इथे ‘दुसरा’ साठ किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि पोरीला एसटीने तिथे जायचं तर घरी कारण सांगावं लागणार. म्हणजे नातं टाळता येत नाही, निभवावं लागतं. त्या पोरीशी आधी काय बोलून घ्यायचं? लग्नात समोर आली तर ओळख दाखवायची की नाही, हे कुणी ठरवायचं? तिच्या आईने चुलीपाशी बसवून ‘काय म्हणत होती आमची?’ असं विचारलं तर? हे एकटीने, बावीस-तेविसाव्या वर्षी, रात्री झोप उडवून ठरवायचं नसतं. कुणाशी तरी बसून ठरवायचं असतं.

किंवा मुख्याध्यापक. ते तिचेही सर असू शकतात. तिने त्यांच्याच हातून दहावीचा निकाल घेतलेला असतो. ते सहज विचारतात, ‘काय बेटा, काय सांगत होता तो पाटलाचा पोरगा?’ या क्षणी तिची व्यावसायिक ओळख घडते किंवा मोडते. तिला म्हणता यायला हवं, ‘सर, त्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी स्वतः तुमच्याकडे धावत येईन. बाकीचं त्याला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही.’ आणि याच्या उलट, लैंगिक अत्याचाराची बाब कळली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे; तिथे ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला आधीच देऊन बसलेली समुपदेशक त्याचाही विश्वास गमावते आणि कायदाही मोडते. हे पाठ असणं वेगळं आणि आदरणीय सरांसमोर उभं राहून तोंडातून फुटणं वेगळं. ते फुटायला आधी कुणासमोर तरी म्हणून पाहावं लागतं.

महाराष्ट्राकडे याचा दाखला घरचाच आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत बसायचं, पण पोलीस व्हायचं नाही. घरच्यांशी बोलायचं, पण बाईला ‘सांभाळून घे’ म्हणून परत पाठवणारी पंचायत व्हायचं नाही. चहूबाजूंनी दुसरी ओळख अंगावर येत असताना हे लोक स्वतःची ओळख टिकवू शकले, कारण त्यांच्या मागे एक संस्था आणि कामाची ठरलेली भूमिका होती. शाळेतल्या आपल्या एकट्या मुलीच्या मागे काय आहे? एक टेबल, एक कपाट, आणि शिक्षक रजेवर असला की तिच्यावर टाकलेला ऑफ तास.

भाषेचंही तेच. घरी ‘डोकामा नुसता इचार येतस’ म्हणणारा मुलगा कार्यालयात शिरला की एकदम ‘टेन्शन आहे’ एवढंच म्हणतो आणि थांबतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलासाठी प्रमाण मराठीच परकी. घरच्यांनी आधी भगताकडे नेऊन आणलेलं असतं, आणि नवी समुपदेशक ते ऐकून एकतर नाक मुरडते किंवा मूग गिळून बसते. इंग्रजी नोट्सवर शिकलेल्या मुलीने अहिराणीत कुठल्या शब्दांनी विचारायचं, भगताचा विषय मुलाचा अपमान न करता कसा बोलायचा, हे पुण्याहून ऑनलाइन व्याख्यान देणाऱ्या तज्ज्ञाला सांगता येणार नाही. इथलेच अनुभवी लोक सांगू शकतील. भगतसुद्धा आधीच्या भगताच्या हाताखाली शिकतो, हे जाता जाता.

एक आक्षेप माझ्यावर रास्त आहे: शिकाऊ लोकांनी मुलांवर प्रयोग करायचे का? पोरं काय गिनिपिग आहेत? धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न रुग्ण तपासतात तेव्हा आपण हे विचारत नाही, कारण वर कुणीतरी आहे हे आपल्याला माहीत असतं. सीएला आर्टिकलशिप केल्याशिवाय सही मिळत नाही. नवा वकील वरिष्ठांच्या चेंबरमध्ये फायली उचलत शिकतो. वहीखात्याच्या कामाला जी काळजी, ती आत्महत्येचे विचार येणाऱ्या मुलाच्या कामाला नको? प्रयोग होतोय तो आत्ता. नेमलेला माणूस एकटा आहे, चुकला तर कुणाला कळणार नाही, आणि चुकतोय हे त्यालाही कळणार नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि माणसांचा. खानदेशात मानसोपचारतज्ज्ञ मोजके, सुपरव्हिजन द्यायला लोक आणायचे कुठून? आणि ही अट घातली तर सातपुड्यातल्या पोराला समुपदेशकच मिळणार नाही, त्याचं काय? हा आक्षेप मला खरंच छळतो, कारण ‘उत्तम मिळेपर्यंत काहीच नको’ असं म्हणणारे बहुतेक शहरात राहतात. म्हणून मी नेमणुका थांबवा असं म्हणत नाही. नेमा, पदवीधर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर गोव्यासारखा स्थानिक, चांगला निवडलेला माणूस नेमा. पण सहा-सात जणांचा एक गट करा आणि पंधरवड्यातून एकदा दोन तास, सोबत आणलेल्या भेटींच्या नोंदींवर बसवा. मुलाचं नाव-गाव काढून, त्याच्या संमतीने. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात जी माणसं आहेत, एचआयव्हीच्या तपासणी केंद्रांत वर्षानुवर्षं समुपदेशन केलेले आणि करारावरच झिजलेले जे लोक आहेत, त्यांना मानधन देऊन या कामाला लावा. पहिल्या वर्षी जाणता मिळाला नाही तर गटाने एकमेकांच्या नोंदी तपासाव्यात. गोव्याने तेही करून दाखवलंय. न्यायालयाने १०० पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायला सांगितलंच आहे. तो दुवा कागदावरच्या फोन नंबरपुरता न ठेवता या गटांशी जोडता येईल. मानसिक आरोग्य दिनाला १० ऑक्टोबरला फ्लेक्स, हार, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांच्या गाडीवर जो खर्च होतो, त्याच्या आसपासच वर्षभराचं हे काम बसेल असा माझा अंदाज आहे. विद्यापीठाने मनावर घेतलं तर एम.ए.च्या इंटर्नशिपचे गुण प्रमाणपत्राऐवजी अशा नोंदींवर देता येतील, आणि त्याला तर नवा पैसाही लागत नाही.

तोवर पालकसभेत विचारण्यासारखे प्रश्न आहेत, आणि ते समुपदेशक मॅडमच्या शिक्षणाबद्दलचे नाहीत. मॅडमची सुपरवायझर कोण? महिन्यातून किती वेळा बसतात? त्या वेळी त्यांच्या गळ्यात ऑफ तास टाकत नाही ना? त्या बसण्याचे पैसे संस्था देते की मॅडम स्वतःच्या खिशातून? मुख्याध्यापकांकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर भिंतीवर लावलेली पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे ते वाचत बसू नका.